कवदर, दहा बावीस

सातपूरच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं मेंटेनन्सला काढली. बंद पडलेली मशीन चालू करणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारा त्या शेडमध्ये कोणी नव्हता, हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझे उस्ताद सहादू मिस्त्री. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वाल्मीक, बंद पडलेल्या मशीनला जागेवरनं हलवायचं नाय. जिथं पडली, जशी पडली, तशीच बघायची." हे पुढे मी निदान पन्नास पोरांच्या डोक्यात घातलं. न ऐकणाऱ्याला शिव्याही घातल्या. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या कामाच्या वेळी, नेमकं तेवढंच विसरलो.

बायकोचं नाव सुमन. पेठ तालुक्यात तिनं अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. सगळं पेठ तिला सुमनबाई म्हणतं, म्हणून मीही चिडलो की सुमनबाई म्हणतो. तिकडच्या बायका पावसाळ्यात रानातून भाज्या आणायच्या, आणि शाळा सुटली की ही त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसायची. कुठली भाजी कधी खुडायची, कुठली तीनदा उकळायची, कुठली बाळंतिणीला चालते आणि कुठली खाल्ली तर घसा धरतो, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. साठेक भाज्या असतील. कागदावर एक अक्षर नाही. रिटायर झाल्यावर लिहू, असं ती वीस वर्षं म्हणत होती. ज्या साळूबाईनं तिला निम्म्याहून जास्त शिकवलं ती म्हातारी तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या सुना आता पेठच्या बाजारातून कोबी आणतात.

गेल्या जूनमध्ये सुमनची जीभ जड व्हायला लागली. आधी मी तिला चिडवलं, शिकवून शिकवून झिजली म्हणून. मग उजव्या हाताची बोटं चालेनात, खडू धरायची तीच. मग डॉक्टर, मग मुंबईचे डॉक्टर. नसांचा आजार निघाला. औषध नाही. आधी बोलणं जाईल, मग गिळणं, मग बाकीचं. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते त्यांनी चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं. मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला.

घरी आल्यावर सुमन म्हणाली, "आता लिहू या."

ती सांगणार आणि मी टाइप करणार, असं ठरलं. आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये चैतालीच्या कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर होता. चैताली आमची मुलगी, आता पुण्याला असते. मी एका बोटानं टाइप करणारा, पण रोज बसून हात जरा बसला. सुमनचा आवाज सकाळी नऊला चहा-औषध झालं की तासभर बरा असायचा. दहा-साडेदहापर्यंत. त्यानंतर शब्द एकमेकांत मिसळायचे आणि ती दमून डोळे मिटायची. म्हणजे दिवसाचे चोवीस तास बाकी सगळ्या जगाला, आम्हाला एकच. दसऱ्यापर्यंत नऊ भाज्या पुऱ्या झाल्या. भाजीमागे दोन-दोन पानं. शेवळं खाजतात म्हणून त्यांत काकडाची फळं कशी आणि किती टाकायची, इथपासून सगळं.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण सगळं तिथं सुरू झालं.

कारखान्यात खंडेनवमीला आम्ही मशीन धुऊन पुसून पूजा करायचो. लेथवर हळद-कुंकू, झेंडूचा हार, अक्षता, पुढे नारळ. त्या दिवशी मशीनला हत्यार लावायचं नाही. घरच्या कॉम्प्युटरला मात्र मी दरवर्षी बटणापाशी एक बोट कुंकू लावून मोकळा व्हायचो. यंदा तसं करवेना. सुमनचं काम त्या पेटीत होतं. मी ती पेटी टेबलाखालून काढून पाटावर ठेवली, पुसली, हार घातला. सुमन म्हणाली, "अक्षता मी वाहते."

मी तिच्या मुठीत अक्षता दिल्या. तिला त्या चिमटीत धरता येईनात. मूठ उघडायची तशी उघडली नाही, मग एकदम उघडली, आणि सगळ्या अक्षता पेटीच्या डोक्यावरच्या जाळीवर पडल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पडू दे. भरपूर वाहिल्या म्हणजे भरपूर चालेल." वरच्या वर मी फडक्यानं पुसून घेतल्या. तिला हसवलं याचाच मला आनंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कवदर सांगत होती. रानकेळीला तिकडे कवदर म्हणतात. "कवदर कापताना आधी..." एवढं ती बोलली आणि स्क्रीन काळी झाली. पंखा नाही, आवाज नाही. दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

मी परत चालू केला. चालू झाला. फाइल शाबूत होती, मला दर ओळीला सेव्ह करायची सवय आहे. पण सगळं उघडून पुन्हा तयार होईपर्यंत सुमनचे डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलाच नाही. मग एका सकाळी दोनदा. ज्याला नियम नाही असा दोष मला मनापासून आवडायचा, कारखान्यात असताना. बाकीचे हात टेकायचे आणि मला बोलवायचे. मी दुकानातून दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि ब्रेकडाउन रजिस्टर सुरू केलं. तारीख, वेळ, काय चालू होतं, काय केलं, कारण. पहिली नोंद अशी: कवदर, दहा बावीस. काय केलं: परत चालू. कारणाचा रकाना रिकामा.

सुमननं ती वही पाहिली आणि म्हणाली, "अहो, यातच लिहा ना. मी सांगते."

"यात ब्रेकडाउन लिहायचे असतात," मी म्हणालो. "दोन दिवस दे मला. आधी मशीन, मग मजकूर. अर्धवट मशीनवर काम करायची मला सवय नाही."

तिनं डाव्या हातानं वही माझ्याकडे सरकवली. बोलणं तिला महाग झालं होतं.

मग मी कामाला लागलो. आधी लाइटवर संशय घेतला. स्टॅबिलायझर आणला. यूपीएस बदलला. सोसायटीचं अर्थिंग कच्चं वाटलं म्हणून बागेच्या कोपऱ्यात चार फूट खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, त्यावरून सेक्रेटरीशी भांडलो. कॉम्प्युटर बंद पडतच राहिला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात, आणि सोमेश्वर तर आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे.

मग गोरक्षला गाठलं. गोरक्ष दिंडोरीकडचा, पंचवटीत मंडईच्या मागच्या गल्लीत त्याचं रिपेरिंगचं दुकान. पेटी स्कूटरवर पायांत ठेवून मी त्याच्याकडे नेली. त्यानं ती टेबलावर आडवी टाकली, झाकण काढलं, ब्लोअर मारला, रॅमची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबरनं घासले आणि परत बसवली. दिवसभर चालू ठेवली.

"काका, लय भारी चालती. एकदा पन बंद नाय पडली."

घरी आणली, टेबलाखाली उभी केली. दुसऱ्या सकाळी सुमन चाईच्या मोहराच्या भाजीचं सांगत होती. नऊ छप्पन्नला काळी.

तीनदा नेली. तीनदा गोरक्षच्या टेबलावर ती गुणी बाळासारखी चालली आणि घरी येऊन पडली. विंडोज नवीन टाकलं, पॉवर सप्लाय बदलला, फाइल पेन ड्राइव्हवर काढून हार्ड डिस्क बदलली. मीही घरी जमिनीवर आडवी टाकून, झाकण उघडून, तास न् तास बघत बसायचो. पंखे फिरताहेत, दिवे लागताहेत, सगळं ठीक. झाकण लावून उभी केली की एक-दोन दिवसांत खेळ सुरू. गोरक्ष शेवटी म्हणाला, "काका, तुमच्या घरातच कायतरी हे. वास्तू दाखवून घ्या."

"वास्तू दाखवतो तुला," मी म्हणालो. "नाचता येईना, अंगण वाकडं."

ही म्हण मी कोणाला ऐकवत होतो, ते आज कळतंय.

फोनवर चैताली रोज सांगायची. बाबा, लॅपटॉप पाठवते. मी म्हणालो, घरची मशीन असताना नको. बाबा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. ते करून पाहिलं. दोन दिवसांनी ऐकलं तर मलाच काही कळेना. तिचं बोलणं मला कळायचं ते तिच्या तोंडाकडे बघून, ओठ कसे हलतात त्यावरून. नुसत्या आवाजात काही उरलं नव्हतं. "मग वहीत लिहा, बाबा, आईचं ऐका," चैताली ओरडली. मीही ओरडलो. हा दोष मला सापडणार नाही असं तुला वाटतं का, म्हणालो. आणि फोन आपटला.

आज खरं ते लिहितो. डॉक्टरांनी सुमनबद्दल सांगितलं होतं की काही करता येणार नाही. कॉम्प्युटरबद्दल तसं कोणी म्हणालं नव्हतं. मला काहीतरी दुरुस्त करायचं होतं. सकाळी नऊला मी तिच्या समोर बसायचो, पण माझं अर्धं लक्ष पंख्याच्या आवाजाकडे असायचं. ती बोलायची आणि मी पेटीकडे कान लावून बसायचो. बंद पडली की मी उठून घड्याळ बघायचो, वही उघडायचो, ती कुठली भाजी सांगत होती तिचं नाव घालायचो, वेळ घालायचो. ती बघत राहायची. मग "पुढं नंतर," म्हणायचो.

दिवाळी आली. फराळाची शेव तिला पाण्यात भिजवून द्यावी लागली. मार्गशीर्षात तिचा तास अर्ध्यावर आला. एका सकाळी ती एक वाक्य चारदा बोलली आणि मला चारही वेळा कळलं नाही. ती पाचव्यांदा बोलली नाही. तिनं डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं, शाळेत न जमणाऱ्या पोराला थोपटत असेल तसं, आणि खिडकीकडे बघत बसली. त्या दिवशी कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालू होता.

त्यानंतर तिचं बोलणं मला पुन्हा कळलं नाही.

अक्षरांचा तक्ता करून पाहिला. मी बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की तिनं डोळे मिटायचे. मराठीत काना आहे, मात्रा आहे, वेलांटी आहे. "पाणी" या शब्दाला आम्हाला अकरा मिनिटं लागली. मला उत्साह आला होता, मी म्हणालो, आता कवदर सांग. तिनं तक्ता हातानं बाजूला सारला.

आठवडाभर मी कॉम्प्युटरकडे पाहिलं नाही. मग एका सकाळी, तिला पेज भरवून झाल्यावर, काही सुचेना म्हणून टेबलाखाली वाकलो. या वेळी मी पेटी बाहेर काढली नाही. का, ते सांगता येत नाही. कदाचित उचलायची ताकद नव्हती. उभीच ठेवून बाजूचं झाकण तेवढं काढलं, चालू केली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलो. सहादू मिस्त्री असते तर म्हणाले असते, आला का शुद्धीवर.

चाळीस मिनिटांनी प्रोसेसरवरचा पंखा एकदम थांबला. कट्ट करून. मी टॉर्च मारला. पंख्याच्या पात्यात आणि कडेच्या चौकटीत एक तांदळाचा दाणा अडकला होता. कुंकवानं लाल झालेला. दोन मिनिटांत प्रोसेसर तापला आणि स्क्रीन काळी झाली. मी पेटी हळूच आडवी केली. दाणा सुटला, घरंगळून पंख्याखालच्या पट्ट्यांत जाऊन बसला, पातं मोकळं. उभी केली. दाणा परत पात्यांपाशी. कधी अडकायचा, कधी नाही. गोरक्षच्या टेबलावर ती नेहमी आडवी असायची. माझ्या फरशीवरही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही अडीच महिने.

चिमट्यानं दाणा काढून मी तळहातावर घेतला. तो कुठून आला ते मला ताबडतोब कळलं. न उघडणारी ती मूठ आठवली.

सुमन खुर्चीतून बघत होती. भुवया उचलल्या तिनं. काय होतं?

"वायर सैल होती एक," मी म्हणालो, आणि दाणा शर्टाच्या खिशात टाकला.

चौतीस वर्षांत मी दोषाचं खोटं कारण कधी सांगितलं नव्हतं. वरिष्ठांची चूक असली तरी रजिस्टरला खरं लिहायचो. आताही मी वही उघडली. सदतीस नोंदी झाल्या होत्या आणि सदतीस वेळा कारणाचा रकाना रिकामा होता. पेन हातात घेतलं. अक्षता लिहावंसं वाटेना, ते खरंही नव्हतं. तांदळाच्या दाण्यानं एक पंखा अडवला. बाकी सगळं मी अडवलं. बैल गेला आणि झोपा केला. शेवटी मी लिहिलं: वही होती, वापरली नाही. खाली सही केली.

मग पानं मागे उलटली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय लिहून ठेवलंय. दुसऱ्या कोणी त्या वहीत बघितलं असतं तर त्याला भाज्यांची यादी दिसली असती. कवदर, दहा बावीस. चाईचा मोहर, नऊ छप्पन्न. बाफळी, दहा पाच. लोत, नऊ एकतीस. कोळीभाजी. मोखा. दिंडा. परत कवदर. नावं तेवढी, आणि ती कुठल्या मिनिटाला तुटली ते. एकूण एकोणीस भाज्या. प्रत्येकीपुढे तिच्या अर्ध्या वाक्यासाठी पुरेल एवढी जागा कोरी होती.

मी खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि मोठ्यानं नावं वाचायला लागलो. "मोखा, आठवतंय?" म्हणालो. तिनं मान हलवली. "लोत." मान हलवली. "बाफळी." एकोणीसही नावांना तिनं मान हलवली. तिला सगळं येत होतं. डॉक्टर बरोबर बोलले होते, डोकं शाबूत होतं.

"कवदर कापताना आधी काय करायचं, सुमन?"

हे मी विचारायला नको होतं. तिचा चेहरा बदलला. ती पाठ ताठ करून बसली, वर्गात बसायची तशी, आणि बोलायला लागली. घशातून लांबच लांब आवाज, मधे श्वास, परत आवाज. डाव्या हातानं तिनं हवेत काहीतरी कापून दाखवलं, काहीतरी पिळून दाखवलं, पण तो हातही आता अर्धाच उठायचा. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. ओठ हलत नव्हते. मला एकही शब्द कळला नाही.

ती थांबली आणि कीबोर्डकडे बघितलं. लिहा ना, असं.

स्क्रीन माझ्याकडे वळलेली होती, तिला दिसत नव्हती. मी बोट उचललं आणि टाइप करायला लागलो. कवदर, कवदर, कवदर, असं. तिनं समाधानानं मान हलवली आणि पुढचं सांगायला लागली. मी मधे मधे "हं" म्हणायचो, "किती वेळ उकळायचं?" विचारायचो, तिनं उत्तर दिलं की परत तेच टाइप करायचो. पान भरलं. दुसरं पान भरलं. कित्येक महिन्यांत तिला इतकी खूश मी पाहिली नव्हती.

नऊ एकतीस झाले. नऊ छप्पन्न झाले. दहा बावीस झाले. पंखा एका लयीत फिरत होता. माझं बोट चालू होतं, आणि कान पेटीकडे लागले होते, नेहमीसारखेच. मशीन बंद पडावी म्हणून मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो. ती काही बंद पडली नाही.